अतिनील दुर्बिणीचा आरसा

चांदी हा लखलखीत धातू म्हणून सर्वांच्या परिचयाचा आहे. दृश्य प्रकाशाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग तो परावर्तित करतो. परंतु डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांपुढे ही ख्याती टिकत नाही. तरंगलांबी ३२० नॅनोमीटरच्या आसपास येताच चांदीची परावर्तनक्षमता एकाएकी ढासळते. (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.)

अतिउष्ण ताऱ्यांचा बराचसा प्रकाश अतिनील असतो. त्यातील ३०० नॅनोमीटरहून आखूड किरण वातावरणातील ओझोन व प्राणवायू अडवितात. म्हणून ही दुर्बीण अवकाशात न्यावी लागते आणि तिच्या आरशासाठी अ‍ॅल्युमिनियमची निवड होते.

अदृश्य पापुद्रा

निर्वात पात्रात अ‍ॅल्युमिनियमची वाफ करून काचेवर तिचा लेप बसवितात. १९३५ मध्ये माउंट विल्सन येथील १०० इंची दुर्बिणीचा आरसा याच रीतीने लेपण्यात आला. ताजा लेप अतिनील किरणही सुमारे ९० टक्के परतवितो. मात्र हवेचा स्पर्श होताच त्यावर अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. डोळ्यांना तो जाणवतही नाही. पण १८० नॅनोमीटरखालील किरण तो शोषून घेतो.

यावर उपाय असा की, हवा आत सोडण्यापूर्वी त्याच पात्रात मॅग्नेशियम फ्लोराइडचे पारदर्शक कवच चढवावयाचे. १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीच्या २.४ मीटर व्यासाच्या आरशावर अ‍ॅल्युमिनियमचा थर सुमारे ६५, तर कवच सुमारे २५ नॅनोमीटर जाडीचे आहे. हे कवच सुमारे ११५ नॅनोमीटरपर्यंतच उपयोगी पडते. त्याखाली लिथियम फ्लोराइड वापरतात. परंतु ते दमट हवेत खराब होते.

टक्क्यांचे मोल

दुर्बिणीत बहुधा दोन आरसे असतात. प्रत्येक आरसा ९० टक्के किरण परतवीत असेल, तर अखेरीस ८१ टक्के हाती लागतात. ७० टक्के परतवीत असेल, तर केवळ ४९. म्हणजे निम्म्याहून अधिक प्रकाश आरशांतच हरवतो.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावर सुमारे ३८ सेंटिमीटर व्यासाच्या दोन अतिनील दुर्बिणी होत्या. बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या नेतृत्वाखाली झालेल्या या कार्यात पुण्याच्या 'आयुका'चाही सहभाग होता. उपग्रहातील पदार्थांतून निघणारी वाफ आरशांवर बसू नये, यासाठी दुर्बिणींची झाकणे उड्डाणानंतर सुमारे दोन महिने बंदच ठेवण्यात आली. दूरच्या ताऱ्याचे मंद किरण टिपावयाचे, तर आरशाची एवढी निगा राखणे अगत्याचे ठरते.