खाऱ्या पाण्याच्या नव्या मत्स्यपेटीचें उष्णतामान

शेतास पाणी देतांना तें किती द्यावें व केव्हां द्यावें याचा विचार प्रत्येक शेतकरी करतो. परंतु तें पाणी किती गरम वा किती गार आहे हें पाहण्याचा प्रसंग त्याजवर क्वचितच येतो. ज्यांना खाऱ्या पाण्यांतील शोभेचे मासे पाळावयाचे असतील त्यांनीं मात्र हीच गोष्ट सर्वांच्या आधीं पाहिली पाहिजे. कोणी मुलांच्या हौसेखातर, तर किनाऱ्याकडील कोणी जोडधंदा म्हणून अशी पेटी मांडावयाचें मनांत आणतो. कांच, मीठ, पंप व दिवे यांवर बराच पैसा खर्च होतो, आणि पहिल्याच वैशाखांत सर्व मासे एका दुपारीं उलटे होतात. हें नुकसान टाळतां येण्याजोगें आहे. म्हणून पेटी मांडण्यापूर्वीं उष्णतामानाची व्यवस्था कशी लावावी, तें या पाठांत क्रमानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. समुद्राचा स्वभाव

समुद्राचें पाणी सावकाश तापतें व सावकाश निवतें. कोंकण किनाऱ्यालगतचें वरच्या थराचें पाणी हिंवाळ्यांत सुमारें २५ अंश, तर मे महिन्यांत सुमारें ३० अंश सेल्सिअसपर्यंत जातें. परंतु हा फरक पडावयास महिने लागतात; एका दिवसांत तें पाणी चार-पांच अंशांनीं वरखालीं होत नाहीं. समुद्रांतील मासा पिढ्यान्‌पिढ्या अशा स्थिर पाण्यांत वाढलेला असल्यामुळें एकाएकीं होणारा बदल त्यास सोसत नाहीं. पेटींतील पाणी तें काय, दीडशें लिटर! तें दुपारीं तापतें आणि पहांटे निवतें. यास्तव पेटी मांडणाराचें पहिलें काम म्हणजे लहान पाण्यास मोठ्या पाण्याचा स्वभाव लावून देणें होय.

उष्ण कटिबंधांतील खडकांजवळ राहणाऱ्या शोभेच्या माशांस २५ ते २७ अंश हें उष्णतामान मानवतें. त्यांतहि आंकडा कोणता यापेक्षां तो स्थिर किती, यास महत्त्व अधिक. नेहमीं २७ अंशांवर असणारी पेटी बरी. पण सकाळीं २४ व दुपारीं २९ अशी पेटी बरी नव्हे.

२. पाणी तापल्यानें काय होतें

पाणी जसजसें तापतें तसतसा त्यांत विरघळलेला प्राणवायु कमी राहूं शकतो. समुद्राच्या पाण्यांत २० अंशांवर दर लिटरास सुमारें ७.४ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. ३० अंशांवर तोच सुमारें ६.२ मिलिग्रॅम उरतो. उलटपक्षीं पाणी तापलें कीं माशाच्या शरीराची गति वाढते व त्यास प्राणवायु अधिक लागतो. म्हणजे उत्पन्न घटावें आणि त्याच सालीं खर्च वाढावा, तसा हा प्रकार आहे. मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंड उघडझांप करूं लागले कीं हा तोटा सुरू झाला असें समजावें.

दुसरी गोष्ट अशी कीं, माशांच्या मलमूत्रापासून व उरलेल्या अन्नापासून पाण्यांत अमोनिया होतो. पाणी जितकें उष्ण, तितका त्यांतील विषारी रूपाचा अंश वाढतो. जुन्या पेटींत हा अमोनिया जिरवून टाकणारे जिवाणू असतात. नव्या पेटींत ते नसतात. म्हणून नवी पेटी व कडक उन्हाळा यांची गांठ पडूं देऊं नये. शक्य तर पेटी मांडण्याचें काम पावसाळा सरल्यावर कार्तिकाच्या सुमारास हातीं घ्यावें.

३. जागा व माप

पेटी कोठें ठेवावी यावर निम्मी व्यवस्था अवलंबून आहे. पत्र्याच्या छपराखालीं, पश्चिमेच्या भिंतीस लागून, चुलीच्या शेजारीं, अथवा खिडकींतून ऊन येईल अशा जागीं पेटी मुळींच ठेवूं नये. जाड मातीच्या भिंतीचें मधलें घर किंवा उत्तरेकडील खोली उत्तम. जागा निश्चित करण्यापूर्वीं त्या जागीं पाण्यानें भरलेली एक बादली आठ दिवस ठेवावी आणि सकाळीं सहा वाजतां व दुपारीं चार वाजतां तापमापकानें तिचें उष्णतामान पाहून लिहून ठेवावें. थोडें पाणी जास्त पाण्याहून लवकर तापतें, म्हणून बादलींतला फरक पेटींतल्या फरकापेक्षां जास्त येईल. तरी दोन खोल्यांपैकीं बरी कोणती, तें या परीक्षेनें स्वच्छ कळतें.

पेटी फार लहान घेऊं नये. तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी पेटी कांठापासून दोन इंच रिकामी ठेवून भरली, तर सुमारें १७० लिटर पाणी बसतें; वाळू व दगड घातल्यावर सुमारें १५० लिटर राहतें. नवशिक्यास याहून लहान पेटी सोपी वाटते, परंतु ती खरोखर अवघड असते. कारण पाणी थोडें असलें कीं प्रत्येक चूक मोठी होते.

४. पाणी तयार करणें

दर लिटरास सुमारें ३५ ग्रॅम क्षार, या हिशेबानें १५० लिटरांस सव्वापांच किलो क्षार लागतात. हें मीठ मत्स्यपेटीकरितां तयार केलेलेंच असावें. स्वयंपाकाचें मीठ चालत नाहीं, कारण समुद्राच्या पाण्यांत असणारे मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादि क्षार त्यांत पुरेसे नसतात. विहिरीच्या पाण्यांत खतांतून झिरपलेला नायट्रेट असूं शकतो, म्हणून गाळणयंत्रानें शुद्ध केलेलें पाणी घेणें चांगलें.

खारेपणा मोजण्याच्या यंत्रावर तें कोणत्या उष्णतामानासाठीं आंखलें आहे, हें लिहिलेलें असतें. पाणी त्याहून गरम असेल तर तें विरळ झाल्यामुळें तरतें यंत्र अधिक बुडतें आणि खारेपणा आहे त्यापेक्षां कमी दाखवितें. मग मनुष्य आणखी मीठ घालतो व पाणी फाजील खारट होतें. यास्तव आधीं उष्णतामान सांगितलेल्या अंशावर आणावें, मग खारेपणा मोजावा. हा क्रम उलटा करूं नये.

५. जिवाणूंची पेरणी

शेतांत अमोनियम सल्फेट किंवा युरिया टाकल्यावर जमिनींतील जिवाणू त्याचा नायट्रेट करतात आणि मग तो पिकास मिळतो, हें आपणांस ठाऊक आहे. पेटींतहि हेंच कार्य घडतें: अमोनियाचा नायट्राइट व नायट्राइटचा नायट्रेट. वाळूवर व दगडांवर या जिवाणूंची वस्ती होण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. थंड जमिनींत जसें हें काम मंदावतें, तसें थंड पाण्यांतहि मंदावतें. म्हणून या काळांत पाणी २६ ते २८ अंशांवर ठेवावें, पंप अखंड चालूं ठेवावा आणि माशांच्या अन्नाची चिमूट अधूनमधून टाकावी. मासा मात्र एकहि सोडूं नये. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, म्हणजे वाफसा आला असें समजावें. वाफसा नसतां पेरणी करणारा आणि हा काळ न थांबतां मासे सोडणारा, दोघेहि बीं वायां घालवितात.

६. उन्हाळ्याची तजवीज

माठांतील पाणी पाझरून त्याची वाफ होते आणि आंतलें पाणी गार राहतें. पेटीस हाच न्याय लावतां येतो. वरचें कांचेचें झांकण काढून त्याऐवजीं बारीक जाळी लावावी आणि पृष्ठभागावरून तिरपा वारा जाईल असा लहान पंखा बसवावा. एक लिटर पाण्याची वाफ होतांना सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. १५० लिटर खारें पाणी एक अंशानें उतरविण्यास सुमारें १४६ किलोकॅलरी पुरतात. बाहेरून उष्णता सारखी आंत येत असल्यामुळें सर्व लाभ पदरांत पडत नाहीं. तथापि कोरड्या हवेंत दोन-तीन अंशांचा उतार सहज मिळतो. कोंकणांत हवा दमट, म्हणून तेथें हा लाभ कमी. विदर्भांत हवा कोरडी, पण उष्णता इतकी तीव्र कीं नुसत्या पंख्यावर भिस्त ठेवतां येत नाहीं.

येथें एक सावधगिरी बाळगावी. वाफ होते ती पाण्याची. मीठ मागेंच राहतें. म्हणून घटलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानेंच करावी. समजा, दर वेळीं सहा लिटर पाणी घटलें व ती भर खाऱ्या पाण्यानें केली, तर प्रत्येक वेळीं २१० ग्रॅम क्षार जास्त पडले. अशा चार वेळांनंतर पाण्याचा खारेपणा ३५ वरून ४० च्या वर जाईल.

बर्फ थेट पाण्यांत टाकूं नये. त्यानें खारेपणा उतरतो. बाटलींत पाणी गोठवून घट्ट बूच लावावें व ती पेटींत तरती सोडावी. एक किलो बर्फ वितळून पेटींतल्या पाण्याइतका होईतों सुमारें १०५ किलोकॅलरी शोषतो. म्हणजे १५० लिटरांच्या पेटीस पाऊण अंशाहून थोडा कमी उतार मिळतो. हा उपाय संकटकाळचा आहे, नित्याचा नव्हे. ज्याचें घर एप्रिल-मे महिन्यांत ३५ अंशांपेक्षां खालीं राहत नाहीं, त्यानें पाणी थंड करणारें यंत्र, ज्यास चिलर म्हणतात, तें घ्यावें. आणि तें स्वतः गरम हवा बाहेर टाकतें म्हणून पेटीच्या पेटाऱ्यांत कोंडूं नये.

दिवे पाणी तापवितात. ते दुपारीं न लावतां संध्याकाळीं लावावे. उन्हाळ्यांत अन्न कमी घालावें. वीज गेली असतां आधीं हवेची काळजी करावी, मग उष्णतेची. कारण माशास प्राणवायूचा तोटा उष्णतेहून लवकर जाणवतो. यासाठीं बॅटरीवर चालणारा लहान हवापंप घरांत असलाच पाहिजे.

७. हिंवाळ्याची तजवीज

निफाडसारख्या ठिकाणीं हिंवाळ्यांत पहांटेची थंडी कडक असते. तेथें हीटर लागतो. दर लिटरास सुमारें एक वॉट हें प्रमाण धरावें. परंतु १५० वॉटचा एकच हीटर घेण्यापेक्षां ७५ वॉटचे दोन घ्यावे. एकाचें नियमन बिघडून तो सारखा चालूं राहिला तरी पाणी फार तापत नाहीं, आणि एक बंद पडला तरी दुसरा कांहीं काळ निभावतो. पाणी बदलतांना हीटर अगोदर बंद करावा, नाहींतर उघडी पडलेली कांच तडकते. खारें पाणी विजेचें चांगलें वाहक असल्यामुळें पेटींत हात घालण्यापूर्वीं वीज बंद करण्याची संवय ठेवावी.

८. मासे सोडणें

रोप गादीवाफ्यावरून शेतांत आणतांना आपण ऊन टाळतों, तशीच दक्षता येथेंहि घ्यावी. मासे असलेली पिशवी न उघडतां पंधरा-वीस मिनिटें पेटींत तरती ठेवावी, म्हणजे दोन्हीं पाण्यांचें उष्णतामान सारखें होतें. नंतर मासे पिशवीच्या पाण्यासह एका भांड्यांत काढून त्यांत पेटीचें पाणी थेंबथेंब सोडावें, आणि मग मासा जाळीनें उचलून पेटींत घालावा. प्रथम एक-दोनच मासे घ्यावे. क्लाउनफिश जातीचे मासे पैदास-केंद्रांत वाढविलेले मिळतात व नवशिक्यास तेच योग्य. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें त्यांच्या पैदाशीची रीत बसविली आहे.

समुद्रांतलें प्रवाळ मात्र कोणीहि उचलून आणूं नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वयें त्यास संरक्षण आहे. शिवाय प्रवाळाची सहनशक्ति फार थोडी. १९९८ सालीं समुद्र नेहमींपेक्षां तापला तेव्हां लक्षद्वीपचीं प्रवाळें मोठ्या प्रमाणावर पांढरीं पडून मेलीं. नेहमींच्या उन्हाळ्याहून एखादा अंश अधिक, आणि तो कांहीं आठवडे टिकला, एवढ्यानें जेथें समुद्रांतलें प्रवाळ मरतें, तेथें आपल्या पेटींत त्याची काय कथा?

९. नोंदवही

शेवटीं, एक वही घालावी. तींत तारीख, सकाळचें उष्णतामान, दुपारचें उष्णतामान, खारेपणा, भर घातलेलें पाणी व शेरा असे सहा रकाने आंखावे. दोन वेळांच्या आंकड्यांत दीड अंशापेक्षां जास्त फरक दिसूं लागला कीं कारण त्याच दिवशीं शोधावें. उष्णतामान दुरुस्त करावयाचें तेंहि हळूहळू. दिवसांत एक-दोन अंशांपेक्षां अधिक बदल करूं नये.

ज्यांच्या घरीं थंड जागा नाहीं, वीज वारंवार जाते, आणि चिलरचा खर्च झेपत नाहीं, त्यांनीं खाऱ्या पाण्याच्या नादीं न लागतां गोड्या पाण्याच्या माशांनीं आरंभ करावा, अशी आमची स्पष्ट सूचना आहे. ज्यांना सोय आहे त्यांनीं मात्र आधीं तापमापक विकत घ्यावा, मग पेटी, आणि सर्वांच्या शेवटीं मासा.