घोरता घोरता श्वास थांबतो तेव्हा

१. घोरतो म्हणजे गाढ झोपलाय, असं समजू नका. आमचे हे पिकअप चालवतात. नारायणगावहून टोमॅटो, ओतूरहून कांदा भरायचा आणि रातोरात माळशेज उतरून वाशी गाठायची. घरी झोपले की घोरणं ओसरीपर्यंत ऐकू यायचं. पण मला धास्ती वाटायची ती आवाज मध्येच बंद पडायचा त्याची. छाती-पोट हलत असायचं, नाकाशी हात धरला तर वारा नाही. मग एकदम आचका देऊन श्वास सुटायचा, कूस बदलायची आणि पुन्हा घोरणं सुरू. सकाळी ह्यांना यातलं काहीच ठाऊक नसायचं. रात्री काय होतं ते शेजारी झोपणाऱ्यालाच दिसतं, म्हणून दवाखान्यात त्यानेही सोबत जावं. मी मोबाईलवर शूटिंग करून नेलं होतं, ते पाहून डॉक्टरांनी लगेच झोपेची तपासणी लिहून दिली.

२. जुन्नर-आंबेगावात थकव्याला कारण शोधावं लागत नाही. रात्रीची लाईट, बिबट्याच्या भीतीत दारं धरणं, पहाटे उठून तरकारीचा तोडा. त्यामुळे दिवसा पेंगणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. पण रात्रभर अंथरुणात असूनही सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, रात्रीतून सारखं लघवीला उठणं, गोळ्या चालू असून बीपी न उतरणं, हे सगळं रानातल्या कामाच्या माथी मारू नका.

३. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट बंद होते. रक्तातला ऑक्सिजन उतरला की मेंदू माणसाला अर्धवट जागं करतो. त्या प्रत्येक झटक्याला रक्तदाब चढतो, हृदयाची धडधड वाढते. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास अडला की तो मोजतात. असं तासाला पाचपेक्षा जास्त वेळा झालं तर आजार धरतात, तीसच्या वर गेलं तर तीव्र. याचा ताण वर्षानुवर्षं हृदयावर आणि मेंदूवर येतो. संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं, स्लीप ॲप्नियाचं, नाव घेतलं होतं.

४. हा फक्त जाड्या माणसांचा आजार नाही. जबडा लहान किंवा हनुवटी मागे असेल तर सडपातळ माणसालाही होतो. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया यांनी मध्यमवयीन पुरुषांची पाहणी केली होती. २००४ मध्ये छापलेल्या त्या पाहणीत शंभरात सात-आठ जणांना हा त्रास निघाला. बायकांना पाळी गेल्यावर धोका वाढतो, पण घरात बाईच्या घोरण्याकडे बघतंय कोण!

५. दारूने घसा आणखी सैल पडतो. झोपेची गोळी मनाने घेऊ नये.

६. गाडी हातात असणाऱ्याने उपचार सुरू होऊन झोप ताळ्यावर येईपर्यंत रात्रीची खेप घेऊ नये. घाटात एक डुलकी पुरते. ह्यांच्या खेपा दिराने मारल्या. भाडं बुडालं, मी हट्ट सोडला नाही.

७. ह्यांना उपचारासाठी मिळालेलं सीपॅप यंत्र १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी जगापुढे आणलं. मास्कमधून येणारा हवेचा दाब घसा उघडा ठेवतो. सुरुवातीला ह्यांना गुदमरायचं, नाक कोरडं पडायचं. मास्कचं माप बदललं तेव्हा जमलं. ते रोज लावायचं असतं, दुपारच्या झोपेलासुद्धा. लाईट गेली की यंत्र बंद पडतं, म्हणून आम्ही टीव्हीच्या आधी इन्व्हर्टर घेतला.