खाडा-बॉट आणि शेल स्क्रिप्ट

मेसचा खाडा म्हणजे काय हे होस्टेलवाल्यांना सांगायला नको. सलग तीन किंवा जास्त दिवस गावी जायचं असेल तर आदल्या रात्रीपर्यंत वहीत नाव, रूम नंबर आणि तारखा लिहायच्या, म्हणजे महिन्याच्या बिलातून तेवढे दिवस वजा होतात. वही काउंटरला दोरीने बांधलेली. एस.टी. पकडायच्या गडबडीत निम्मे लोक लिहायचं विसरतात आणि मग महिनाअखेरीस वाद! यावर उपाय म्हणून आम्ही टेलिग्रामवर एक बॉट केला. त्याला 'खाडा' हा शब्द आणि तारखा पाठवल्या की नोंद होते आणि उलट पोच येते. प्रोग्रॅम पायथॉनमध्ये लिहिलेला, नोंदी एसक्यूलाईटच्या एका फाईलमध्ये. आणि हे सगळं चालतं कॉमन रूममधल्या एका जुन्या पीसीवर, उबुंटूमध्ये.

आता तुम्ही म्हणाल, होस्टेलच्या नेटवर्कमधला पीसी बाहेरून कोणाला दिसत नाही, मग निरोप त्याच्यापर्यंत पोचतो कसा? उत्तर सोपं आहे. बॉट स्वतःच दर थोड्या वेळाने टेलिग्रामच्या सर्व्हरला विचारतो, "माझ्यासाठी काही आलंय का?" याला पोलिंग म्हणतात. त्यामुळे बाहेरचा पत्ता लागत नाही, साधं इंटरनेट पुरतं.

प्रोग्रॅम लिहायला दोन रात्री लागल्या. तो चालू कसा ठेवायचा हे कळायला मात्र एक फजिती व्हावी लागली. हा लेख त्या फजितीवर आहे.

काय घडलं?

एका शनिवारी संध्याकाळी लाईट गेली. रात्री आली, कोणीतरी पीसी चालू केला. पण बॉट मी हाताने कमांड देऊन सुरू केला होता, तो आपोआप कसा उठणार? मी गावी गेलेलो. सोमवारी सकाळी दहाला परत येऊन बघतो तर बॉट बंद. न पोचलेले निरोप टेलिग्राम जास्तीत जास्त २४ तास सांभाळून ठेवतं. म्हणजे रविवारी सकाळी दहापर्यंतचे निरोप कायमचे गेले.

इथपर्यंत निभावलं असतं. पण घाईत मी माझी इन्स्टॉलची स्क्रिप्ट पुन्हा चालवली. तिची पहिलीच ओळ होती : जुना फोल्डर पुसून नवा कर. आणि नोंदींची फाईल त्याच फोल्डरमध्ये होती! पूर्ण महिन्याचे खाडे एका सेकंदात साफ.

मेसचे काका म्हणाले, "बाळा, वहीत असतं तर मी दाखवलं असतं. तुझ्या मशीनला काय विचारू?" सेकंड इयरचा एक मुलगा वडिलांच्या ऑपरेशनसाठी नऊ दिवस गावी होता. त्याच्या मोबाईलवर बॉटची पोच शिल्लक होती, म्हणून त्याचे पैसे वाचले. ज्यांनी चॅट पुसून टाकलं होतं त्यांना पूर्ण बिल भरावं लागलं. चूक माझी, भुर्दंड त्यांना. असो.

शेल स्क्रिप्ट म्हणजे काय?

आपण टर्मिनलवर ज्या कमांड देतो त्या वाचून पार पाडणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा बोर्न शेल आला. १९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी बॅश लिहिला. बहुतेक लिनक्सवर आज टर्मिनल उघडलं की हाच समोर येतो. त्याच कमांड एका फाईलमध्ये ओळीने लिहिल्या की झाली शेल स्क्रिप्ट.

बरेच जण समजतात की स्क्रिप्ट टायपिंग वाचवायला असते. मीही तेच समजत होतो. खरं तर स्क्रिप्ट म्हणजे दुसऱ्याने, दुसऱ्या वेळी, गडबडीत चालवली तरी नुकसान होणार नाही अशी लिहून ठेवलेली रीत. हे ध्यानात धरून मी सगळं पुन्हा लिहिलं. त्यातले धडे असे :

१. चूक झाली की थांब. शेलचा स्वभाव असा की एक कमांड फसली तरी तो बिनदिक्कत पुढच्या ओळीवर जातो. म्हणून सुरुवातीलाच 'सेट -ई' आणि 'सेट -यू' लिहावं. पहिल्यामुळे कमांड फसताच स्क्रिप्ट थांबते. दुसऱ्यामुळे किंमत न दिलेलं व्हेरिएबल वापरलं तर थांबते.

२. पुसण्याआधी दहादा विचार. जानेवारी २०१५ मध्ये स्टीम या गेमच्या सॉफ्टवेअरची लिनक्सवरची स्क्रिप्ट गाजली. एका व्हेरिएबलमध्ये फोल्डरचा पत्ता असायला हवा होता, तो काही परिस्थितीत रिकामा राहिला. पुढे 'आरएम -आरएफ' होतंच. रिकामा पत्ता अधिक तिरकी रेघ अधिक तारा म्हणजे डिस्कच्या मुळापासून सगळं! लोकांच्या स्वतःच्या फाईली गेल्या. इथे 'सेट -यू' एकटं पुरत नाही, कारण व्हेरिएबल होतं, फक्त रिकामं होतं. बॅशमध्ये व्हेरिएबलच्या नावापुढे महिरपी कंसात कोलन आणि प्रश्नचिन्ह देता येतं. मग ते रिकामं असलं तरी स्क्रिप्ट तिथेच थांबते. माझ्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये आता 'आरएम' ही कमांडच नाही.

३. प्रोग्रॅम एकीकडे, नोंदी दुसरीकडे. प्रोग्रॅम पुन्हा आणता येतो, नोंदी आणता येत नाहीत. दोघांचे फोल्डर वेगळे हवेत. फोल्डर करताना 'एमकेडिर -पी' वापरावं, म्हणजे तो आधीच असेल तर कमांड गुपचूप पुढे जाते. नोंदींची फाईल 'नसेल तरच' तयार करावी, असेल तर हात लावू नये. स्क्रिप्ट लागोपाठ दोनदा चालवून बघा. दुसऱ्या वेळी काहीच बिघडलं नाही तर ती बरोबर.

४. किल्ली स्क्रिप्टमध्ये नको. बॉट तयार करताना टेलिग्रामचा बॉटफादर आपल्याला एक टोकन देतो. हे टोकन ज्याच्या हाती, बॉट त्याचा. ते वेगळ्या फाईलमध्ये ठेवून 'सीएचमॉड ६००' करावं, म्हणजे मालकाशिवाय दुसऱ्या साध्या युजरला वाचता येत नाही. ती फाईल गिटमध्ये टाकू नये. तरी फुटलंच तर बॉटफादरला 'रिव्होक' सांगून नवीन टोकन घ्यावं, जुनं रद्द होतं.

५. एकच बॉट, एकच प्रत. त्या सोमवारी बावरून मी बॉट दोन टर्मिनलमध्ये सुरू केला होता. टेलिग्राम अशा वेळी ४०९ क्रमांकाची 'कॉन्फ्लिक्ट' एरर देतं, कारण एका टोकनवर एकालाच पोलिंग करता येतं. आता सगळा कारभार एकाच स्क्रिप्टमधून चालतो : सुरू, बंद, स्थिती, लॉग, बॅकअप. आत 'केस' लिहून पाच फाटे केले आहेत. सुरू करण्याआधी 'एफलॉक'ने कुलूप लागतं. पहिली प्रत चालू असेल तर दुसरी उठतच नाही.

६. लाईट गेली तरी उठला पाहिजे. हा प्रश्न जुनाच आहे. १९९३ साली रॉबी पॉइंटर यांनी आयआरसीवरच्या गप्पांसाठी एगड्रॉप नावाचा बॉट लिहिला. त्याच्याबरोबर एक छोटी शेल स्क्रिप्ट मिळते. क्रॉनने ती दर काही मिनिटांनी चालवायची. ती फाईलमधला प्रोसेसचा नंबर वाचते, तो जिवंत आहे का बघते, नसेल तर बॉट पुन्हा सुरू करते. किती साधी युक्ती! आज उबुंटूवर हे काम सिस्टिमडी करतं. सेवेच्या फाईलमध्ये 'रीस्टार्ट' समोर 'ऑलवेज' लिहायचं. फक्त एक खाच लक्षात ठेवा : 'स्टार्ट' म्हणजे आत्ता चालू कर, 'एनेबल' म्हणजे मशीन चालू होईल तेव्हा चालू कर. नुसतं 'स्टार्ट' करून निघून गेलात तर पुढच्या लाईट जाण्यापर्यंतच सुख.

७. बॅकअप, आणि तो उघडून बघणं. चालू बॉटची एसक्यूलाईट फाईल नुसती 'सीपी'ने उचलली तर अर्धवट नोंद येऊ शकते. एसक्यूलाईटची स्वतःची बॅकअप कमांड वापरावी. आमची स्क्रिप्ट रोज रात्री फाईलच्या नावात तारीख घालून दुसऱ्या मशीनवर प्रत ठेवते. महिन्यातून एकदा ती प्रत उघडून नोंदी मोजतो. न उघडलेल्या बॅकअपचा भरवसा धरू नये.

शेवटची परीक्षा

एवढं झाल्यावर मी फर्स्ट इयरच्या एका मुलाला कोऱ्या मशीनसमोर बसवलं, स्क्रिप्ट दिली आणि स्वतः हाताची घडी घालून गप्प उभा राहिलो. दोन मिनिटांत तो अडला. "दादा, हे टोकन मागतंय. कुठून आणू?" मला उत्तर माहीत होतं, स्क्रिप्टला नव्हतं. लगेच तिथे मराठीत दोन ओळींचा खुलासा घातला. पुन्हा अडला, पुन्हा घातला. चौथ्या खेपेला त्याने मला काहीही न विचारता बॉट उभा केला. मग मी मुद्दाम पीसीचा प्लग काढून परत लावला. बॉट उठला!

मेसची वही आम्ही काढलेली नाही. रोज रात्री दहाला स्क्रिप्ट दुसऱ्या दिवसाच्या खाड्यांची यादी छापते आणि काका ती वहीत चिकटवतात. मशीन बंद पडलं तरी आता कागद बोलतो.

मी यंदा पास होऊन जाईन. पीसी, मेस आणि खाडे इथेच राहणार. म्हणून मित्रांनो, आपला प्रोग्रॅम आपल्या हातून चालतो यात फार खूष होऊ नका. ज्युनियरला बसवा, हाताची घडी घाला आणि बघत राहा. तर लागा कामाला!