कुंडीवर नाव लिही

पंचवटी, नाशिक

चि. बाळूस,


परवा तुझा फोन आला आणि माझ्याच पोटात गोळा आला. मोत्याने डिफेनबेकियाचं पान चावलेलं, तोंडातून लाळेच्या तारा, पंजाने थोबाड खाजवतोय, आणि तू मिठाचं पाणी कालवून उभा! ते पाजलं नाहीस हे नशीब. मिठाच्या पाण्याने कुत्र्याला ओकायला लावू नये; रक्तातलं मीठ वाढलं तर तेच जिवावर बेततं.

डिफेनबेकिया अळूच्याच कुळातलं. आपण अळूच्या फदफद्यात चिंच का घालतो? घसा खवखवू नये म्हणून. या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते जिभेत रुततात. मनी प्लांटचंही तेच. ओकायला लावलंस तर त्याच सुया पुन्हा घशातून वर येणार. त्यापेक्षा तोंडातला चोथा काढायचा, ओल्या फडक्याने जीभ-हिरड्या पुसायच्या, गार पाणी आणि चमचाभर दही द्यायचं. बहुतेकदा एवढ्यावर भागतं. गिळता येईना किंवा श्वास घरघरू लागला, तर मात्र लगेच दवाखाना.

मला खरी काळजी आहे ती तू जाता जाता बोललास त्याची. ‘दाराशी एक पाम आहे.’ कोणता पाम, बाबा? नर्सरीत सगळंच ‘शोचं झाड’. अरेका असेल तर मोत्याचं फार तर पोट बिघडेल. पण अननसासारख्या बुंध्यावर ताठ, टोकाला टोचणारी पानं असतील तर तो सायकस. नावाला पाम, ताडा-माडाशी नातं काही नाही. तो अख्खाच विषारी, बिया सर्वांत जास्त. कुत्रं ओकतं, मग शांत होतं, आपल्याला वाटतं निभावलं, आणि दोन-तीन दिवसांनी यकृत निकामी होऊ लागतं. कण्हेर आणि अडेनियम थेट हृदयावर जातात. (देवाची कण्हेर निर्माल्याच्या पिशवीत दाराला लटकत असते, तीही जरा उंच टांग.) यांतलं काही पोटात गेलं की लक्षणांची वाट बघायची नाही, दूध-हळदही नाही. ओकायला लावायचं की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

निघताना त्यांना फोन कर. चावलेली फांदी पिशवीत घे. किती वाजता खाल्लं, किती खाल्लं, मोत्याचं वजन किती, हे ते विचारणारच. आणि तुझ्या द्वारकेच्या चौकात मुंबई-आग्रा आणि पुण्याचा रस्ता एकमेकांना भिडतात. संध्याकाळी तिथे अडकलास की संपलं. म्हणून अशोकस्तंभाचा सरकारी पशुदवाखाना आणि तुझ्या बाजूचा एखादा खासगी, दोन्हींच्या वेळा आजच फ्रिजवर चिकटव. रात्री कोण येतं तेही विचारून ठेव.

प्रत्येक कुंडीवर रंगाने नाव लिही, ‘शो’ नव्हे, खरं नाव. ओळखू आलं नाही तर पानाचा फोटो मला पाठव.

सायकस निघालाच तर फेकू नकोस, महागाचं झाड आहे. रविवारी रिक्षा करून येते आणि घेऊन जाते. आमच्याकडे चावणारं कुणी नाही; तुझ्या काकांना तर कवळी आहे.

तुझी,
आत्या