नुसत्या एकांच्या संख्या



ज्या संख्येला १ आणि ती संख्या असे दोनच विभाजक असतात, तिला मूळ संख्या म्हणतात. १३ चिंचोके घ्या व सारख्या ओळींत मांडा. एका लांब ओळीशिवाय दुसरी मांडणी जमत नाही. म्हणून १३ ही मूळ संख्या. १२ चिंचोक्यांच्या मात्र ३ ओळी होतात, ४ ओळीही होतात.

देवळालीच्या शाळेत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) नावाचे शिक्षक होते. त्यांना आकड्यांचा भारी नाद. जुन्या जी. आय. पी. रेल्वेच्या डेम्लो म्हणजे आताच्या डोंबिवली स्टेशनवर त्यांना काही संख्या सुचल्या. त्यांना त्यांनी 'डेम्लो संख्या' असे नाव दिले. ११ × ११ = १२१ आणि १११ × १११ = १२३२१ या त्यांपैकीच. आपले माढा स्टेशनही त्याच जुन्या रेल्वेवरचे!

हे समजल्यावर मी नुसत्या एकांच्या संख्या तपासायला घेतल्या. ११ मूळ आहे. १११ = ३ × ३७, म्हणून मूळ नाही. ११११ मध्ये ११ च्या दोन जोड्या आहेत, म्हणून ११११ = ११ × १०१. यावरून कळले की एकांची गिनती मूळ नसेल, तर ती संख्याही मूळ नसते.

मग आली ११,१११. पाच एक, आणि ५ तर मूळ! मी २, ३, ५, ७ असे करत ३७ पर्यंत भागून पाहिले. बाकी उरतच होती. वहीची दोन पाने भरली. मला कंटाळा आला. फळ्यावर लिहून मोकळा झालो, "११,१११ ही मूळ संख्या आहे."

गुरुजींनी विचारलं, "कुठवर भागलंस?"

"सदतीसपर्यंत, गुरुजी."

"मग पुढचं कोण बघणार?"

पुढची मूळ संख्या ४१. भाग दिला, बाकी शून्य! ११,१११ = ४१ × २७१. वर्गात हशा पिकला.

मग थांबायचे कुठे? १०५ × १०५ = ११,०२५ आणि १०६ × १०६ = ११,२३६. विभाजक जोडीने येतात. जोडीतले दोन्ही १०५ पेक्षा मोठे असले, तर गुणाकार ११,१११ च्या पुढे जातो. म्हणून १०५ पर्यंतच्या २७ मूळ संख्या तपासल्या की पुरे. मी १२ वरच थांबलो होतो.

नुसत्या एकांच्या संख्यांत ११ नंतरची मूळ संख्या एकदम १९ एकांची आहे, त्यानंतरची २३ एकांची.

२०२४ साली त्याहून कितीतरी मोठी मूळ संख्या सापडली. १३,६२,७९,८४१ वेळा २ घेऊन त्यांचा गुणाकार करायचा आणि त्यातून १ वजा करायचा. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत! तिला भागत बसणे संगणकालाही जमणार नाही. तिच्यासाठी खास कसोटी आहे. पण कसोटी पुरी झाल्याशिवाय 'मूळ' म्हणायचे नाही, हा नियम तिलाही आहेच.

आता तुम्ही ११,११,१११ तपासा. पालकांनीही बसावे. विभाजक २५० च्या आत आहे. मध्येच थांबू नका!

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी