अँटिबॉडी नेमकी कुठे चिकटते?

'मायक्रोबायोलॉजी घेतलं तर पुढे लॅबमध्ये रक्त-लघवीच तपासत बसायचं का?' प्रवेशाच्या दिवसांत पालक काकुळतीला येऊन विचारतात. या विषयात काय काय चालतं, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं. म्हणून आज एकच काम जवळून पाहू: जिवाणूच्या प्रथिनावर अँटिबॉडी कुठे चिकटते, ती जागा हुडकण्याचं.

मेनिन्गोकोकस बी हा जिवाणू लहान मुलाचा जीव दिवसभरात घेऊ शकतो. त्याचं शर्करेचं आवरण माणसाच्या पेशींवरच्या शर्करेशी मिळतंजुळतं, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने लस जमेना. इटलीत सिएनाला रिनो राप्पुओली यांच्या गटाने जिवाणूचा जीनोम चाळून प्रथिनं निवडली. त्यातून झालेल्या लशीला २०१३मध्ये युरोपात मान्यता मिळाली. त्यातलं एक प्रथिन, फॅक्टर एच बाइंडिंग प्रोटीन, वाणागणिक बदलतं. अँटिबॉडी चिकटते तीच जागा बदलली, तर ती अँटिबॉडी कुचकामी ठरते.

ही जागा शोधायची एक जुनी रीत अशी. प्रथिनाच्या साखळीचे छोटे तुकडे बनवायचे, प्रत्येक तुकडा आधीच्यावर थोडा चढलेला. ते पटलावर ठिपक्या-ठिपक्यांनी बसवायचे, वर अँटिबॉडी सोडायची, धुवायचं, पुन्हा धुवायचं. रंग येईल तो ठिपका आपला. या प्रथिनावर एका अँटिबॉडीसाठी असं केलं, तेव्हा १२ अमिनो आम्लांचा एक पट्टा मिळाला. पण स्फटिक करून क्ष-किरणांनी पाहिल्यावर दिसलं, की अँटिबॉडी २०हून जास्त अमिनो आम्लांना भिडते, आणि ती आम्लं प्रथिनाच्या दोन वेगवेगळ्या भागांवर विखुरलेली आहेत. साखळीत लांब असलेली अमिनो आम्लं घडी पडल्यावर शेजारी आली होती!

म्हणून माझं सांगणं: जीवशास्त्र घेणाऱ्यांनी अकरावीत गणित सोडू नये. या कामात रसायन, भौतिकशास्त्र आणि संगणक सगळंच लागतं. पुणे विद्यापीठातल्या कोळस्कर आणि टोणगावकर यांनी १९९०मध्ये अशा जागांचा अंदाज नुसत्या अमिनो आम्लांच्या क्रमावरून बांधण्याची पद्धत दिली. ती आजही जगभर वापरतात.

या कामाकडे जाणाऱ्या वाटा अनेक आहेत. बारावीनंतर आयसरची प्रवेश परीक्षा किंवा साधं बी.एस्सी.; त्यानंतर जॅम किंवा गॅट-बी देऊन एम.एस्सी.; पुढे नेट आणि पीएच.डी. पुण्यात आयसर आणि एनसीसीएस (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र), मुंबईत आयआयटी अशा चांगल्या संस्था आहेत. लस आणि निदान-किट बनवणाऱ्या कंपन्या एम.एस्सी. झालेल्यांनाही घेतात, पण सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात; नेट-जेआरएफ मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये विद्यावेतन असतं. घरी लवकर पैसे लागणार असतील, तर हा हिशेब आधीच मुलांसमोर मांडा. आणि 'बायोटेक'च्या नावाखाली भरमसाट फी घेणाऱ्या कॉलेजात एकच विचारा: तिसऱ्या वर्षाची मुलं एलायझा (अँटिबॉडी वापरून करायची रंगचाचणी) स्वतःच्या हाताने करतात का? तिथे अडखळले, तर दुसरं कॉलेज बघा.

निकालाची वाट बघणाऱ्या मुलामुलींनी युनिप्रॉट या प्रथिनांच्या संग्रहावरून फॅक्टर एच बाइंडिंग प्रोटीनचा क्रम घ्यावा, आयईडीबी या संकेतस्थळाच्या मोफत साधनात तीच कोळस्कर-टोणगावकरांची पद्धत निवडून तो टाकावा. मिळालेल्या आलेखातले उंचवटे या प्रथिनाच्या, पीडीबी या रचनांच्या संग्रहातल्या त्रिमितीय रचनेवर कुठे येतात आणि कुठे चुकतात, ते वहीत टिपून ठेवावं.