बौहाउसचे माग

बौहाउसचा विषय निघाला की ग्रोपियसची काचेची इमारत आणि पोलादी नळ्यांच्या खुर्च्या यांवरच आपली चर्चा थांबते. मला मात्र या संस्थेची खरी परीक्षा तिच्या विणकामशाळेत झाली असे वाटते.

वाल्टर ग्रोपियसने १९१९ साली जर्मनीतील वायमार येथे ही शाळा काढली. कलावंत आणि कारागीर हा भेद मोडावयाचा, हा तिचा बाणा. प्रवेश देताना वय वा लिंग पाहिले जाणार नाही, असे आरंभीच जाहीर झाले होते. मुली मोठ्या संख्येने आल्या आणि चालकच बिचकले! १९२० पासून मुलींची निवड अधिक कडक करण्याचे ठरले आणि बहुतेकींची रवानगी मागाकडे होऊ लागली. मारियान ब्रांट धातुकामशाळेत शिरली खरी, पण तो अपवादच. कलेतील सोवळेओवळे मोडावयास निघालेल्यांनी हे दुसरे सोवळे मात्र जपले.

आन्नी आल्बर्सला काचकाम शिकावयाचे होते. ती नाइलाजाने मागावर बसली. पण १९३० साली तिने पदविकेसाठी केलेले काम पाहा. बेर्नाउ येथील कामगार संघटनांच्या शाळेतील सभागृहात आवाज घुमत असे. तिने भिंतीसाठी असे कापड विणले, की त्याची मागची बाजू आवाज शोषून घेई आणि पुढची बाजू त्यात गुंफलेल्या सेलोफेनमुळे उजेड परतवी. वस्तूचे रूप तिच्या कामातून यावे, हे बौहाउसचे तत्त्व इतके चोख उतरलेले मला त्या प्रसिद्ध खुर्च्यांतही दिसत नाही.

गुंटा श्टॉल्झल येथेच शिकली आणि १९२७ मध्ये डेसाऊ येथे विणकामशाळेची प्रमुख झाली. यंत्रमागावर निघू शकतील असे नमुने तिच्या हाताखाली तयार होऊ लागले. ज्यू वास्तुकाराशी विवाह केल्यावर तिला जाच सुरू झाला. १९३१ मध्ये तिने शाळा सोडली. पुढे १९३३ साली नाझी राजवटीत बर्लिन येथे बौहाउसच बंद पडले. ओटी बेर्गर ही तिथलीच ज्यू विणकर. तिचा १९४४ मध्ये आउश्विट्झच्या छळछावणीत अंत झाला. आन्नी अमेरिकेत गेली, ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकवू लागली. १९४९ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने तिच्या कामाचे स्वतंत्र प्रदर्शन भरविले. विणकराला तेथे हा मान प्रथमच मिळत होता.